‘कारण लेखी द्या, सर’

(जुलै महिन्यात प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)



निंदणाचे दिवस आहेत. कोणी वावरातून येऊन आत्ताच पाय धुतले असतील, कोणाची भाकर तव्यावर असेल. तव्याकडे लक्ष ठेवूनच ऐका. फक्त जवळ एक कागद आणि पेन ठेवा. शेवटी मी एक अर्ज सांगणार आहे, तो लिहून घ्यायचा आहे. घरात शिकणारी पोरगी असेल तर तिलाच लिहायला बसवा.

आपल्याकडे दोन कामं नेमकी एकाच हंगामात येतात. इकडे पेरणी, डवरणी, निंदण सुरू होतं आणि तिकडे कॉलेजच्या याद्या लागायला लागतात. यादी लागते त्या दिवशी आपण वावरात असतो. हरकत घ्यायची मुदत संपते त्या दिवशी बियाण्याच्या नाहीतर खताच्या रांगेत असतो. आणि सवड काढून, एसटी पकडून कॉलेजात पोहोचतो, तेव्हा खिडकीतून उत्तर येतं, “नाव नाही. प्रवेश नाही.” आपण काय करतो? पोरीचा हात धरतो आणि परतीच्या गाडीत बसतो.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं असंच झालं. पोरगी हुशार, तिला फार्मसीला जायचं होतं. बारावी झाली, सीईटी झाली, मार्क चांगले. अर्ज तालुक्याच्या गावी एका नेट कॅफेत भरला. अर्जाला नॉन-क्रिमिलेअरचा दाखला जोडला. दाखला खरा होता, पण आदल्या वर्षीचा होता आणि ३१ मार्चला त्याची मुदत संपली होती. तपासणी करणाऱ्यांनी संगणकावर तसा शेरा टाकला, की हा दाखला चालत नाही, नवा जोडा. शेऱ्याचा मेसेजही आला. पण तो आला कॅफेवाल्याच्या मोबाइलवर, कारण अर्जात नंबर त्याचाच टाकलेला. त्याच्याकडे शंभर पोरांचे मेसेज येत होते. तात्पुरती यादी लागली, त्यात पोरीचा प्रवर्ग गेला आणि ती खुल्या गटात पडली. हरकत घ्यायला मोजके दिवस होते, ते गेले. अंतिम यादी लागली. मग या मायलेकी कॉलेजात गेल्या आणि तिथून तशाच परत आल्या.

चार दिवसांनी गटाच्या बैठकीत ताई म्हणाल्या, “गेली म्हणे जागा. आता काय करू जी?”

आम्ही कागद पाहिले. नव्या दाखल्यासाठी अर्ज केल्याची सेतू केंद्राची पावती पिशवीतच होती. ती वेळेवर जोडली असती तर काम झालं असतं. आम्ही धावलो, अर्ज दिले, फोन केले. सगळीकडून एकच उत्तर आलं, की अंतिम यादीनंतर बदल होत नाही. ते उत्तर नियमाला धरूनच होतं. पोरीनं त्या वर्षी जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी दिली. एका जुन्या दाखल्यापायी वर्ष गेलं. माझ्या मनाला अजून लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या चार दिवसांत ताईंनी कोणाला विचारलंच नाही. कारण त्यांना वाटलं, कॉलेजनं नाही म्हटलं म्हणजे नाही.

खिडकीतून ‘नाही’ ऐकून घरी न परतलेली एक पोरगी आपल्या मराठी घरातच होऊन गेली. तिची गोष्ट आधी सांगते, मग आपल्या कामाकडे वळू.

साल १९३३. पोरीचं नाव कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. आपल्या दुर्गा भागवत, मोठ्या लेखिका, त्यांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकून आलेले. कमलानं मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिला नंबर काढला आणि त्याच संस्थेत पुढं शिकायचं म्हणून अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिक मिळालेले, जगात नाव असलेले. त्यांनी प्रवेश नाकारला. मार्क कमी होते का? नाही. ती मुलगी होती, एवढंच कारण.

आता विचार करा. समोर नोबेलवाला माणूस, आणि ही विशी-बाविशीची पोरगी. ती बंगलोरला गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मला का नाही ते सांगा म्हणाली. शिकल्याशिवाय जाणार नाही म्हणून तिनं तिथं सत्याग्रह केला. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष पारखून बघायचं, काम पसंत पडलं तरच नेहमीची विद्यार्थिनी म्हणून मान्यता. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं. आणि तिसरी अट अशी, की तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये! ही अट ऐकून कोणत्याही बाईचं डोकं तापेल. कमलाताईंचंही तापलं. तो अपमान त्या म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत. पण अटी मान्य करून त्या आत शिरल्या. मला हे शहाणपणाचं वाटतं. आधी जागा हातात घेतली.

आत जाऊन त्यांनी काम कशावर केलं? दुधावर आणि डाळींवर. त्यातल्या प्रथिनांवर, म्हणजे ज्यानं अंगात मांस भरतं त्यावर. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं, कमलाताईंना पूर्ण मान्यता मिळाली आणि मागून येणाऱ्या मुलींसाठीही त्या संस्थेचं दार उघडलं. १९३६ साली त्यांची एम.एस्सी. झाली. त्याच वर्षी गांधीजी आपल्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले होते. १९३९ साली कमलाताईंनी इंग्लंडात केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि त्या देशात परत आल्या. पुढं त्यांनी नीरेवर काम केलं. नीरा आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना पोषणासाठी कशी उपयोगी पडते ते तपासलं. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालकही झाल्या. बंगलोरहून तसंच घरी येणं झालं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं.

आज कोणी खिडकीतून म्हणणार नाही, की तू मुलगी आहेस म्हणून प्रवेश नाही. आजचा नकार संगणकातून येतो, दाखल्यातून येतो, फीमधून येतो. म्हणून आधी हे ओळखायचं, की आपल्याला आलेला नकार कशाचा आहे.

काही नकार मार्कांचा असतो. कॉलेजची यादी ८४ टक्क्यांवर थांबली आणि पोरीला ७१ आहेत, तर तिथं भांडून काही मिळत नाही, हे मी स्पष्टच सांगते. तिथं अपील करू नका, पुढच्या फेरीची वाट बघा आणि पसंतीक्रम नीट भरा. पसंतीक्रम भरताना सांभाळायची एक गोष्ट आहे. पहिल्या नंबरला लिहिलेलं कॉलेज मिळालं आणि पोरीनं ते घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून ती बाहेर पडते. म्हणून जिथं खरंच पाठवायचं आहे तेच पहिलं लिहा. मैत्रिणीनं लिहिलं म्हणून नागपूरचं कॉलेज वर लिहायचं आणि मग खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून सोडायचं, असं करू नका. अशा वेळी एखादा माणूस भेटतो, “पन्नास हजार द्या, सीट काढून देतो” म्हणणारा. त्याला चहासुद्धा पाजू नका.

अकरावीचंही हेच. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. आधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरांपुरती होती. आपल्याकडे कॉलेजात जाऊन मास्तरांना भेटलं, दाखला दिला, की नाव लागायचं. आता एक ते दहा कॉलेजांची पसंती संगणकावर भरावी लागते. ज्यांची मोठी पोरगी जुन्या पद्धतीनं शिकली, त्या आयांचा इथं हमखास घोटाळा होतो.

आपल्या पोरींना येणारे बहुतेक नकार मात्र कागदाचे असतात. म्हणून यावर जरा बसून बोलू.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. त्यावर पडताळणी, जिला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, ती जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते. अनुसूचित जमातीसाठी वेगळी समिती आहे. पडताळणीला जुना पुरावा लागतो. किती जुना? अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. या तारखा भिंतीवर लिहून ठेवण्यासारख्या आहेत. आता पोरीचा आजा शाळेतच गेला नसेल तर? आपला जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता, त्यामुळे आपल्याकडे कोतवाल बुक असतं. गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल नोंद करायचा आणि जातही लिहायचा. त्याची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मागता येते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली आजोबाची, आजोबाच्या भावाची किंवा आत्याची नोंदही चालते, पण नातं वंशावळीत दाखवावं लागतं. ही शोधाशोध पोरगी बारावीला गेल्यावर करायची नसते. ती अकरावीत असतानाच सुरू करा. व्हॅलिडिटीला महिने लागतात, आणि प्रवेशाचं वेळापत्रक कोणासाठी थांबत नाही.

जातीचा दाखलाच नाकारला, तर तो आदेश लेखी मागायचा. आदेश हातात आल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, तसा कायदा आहे. समितीनं व्हॅलिडिटी नाकारली, तर त्यावर फक्त उच्च न्यायालयात दाद मागता येते. आपल्यासाठी ते नागपूर खंडपीठ.

नॉन-क्रिमिलेअरची तारीख दरवर्षी बघा. एप्रिल लागला की जुना दाखला काढून त्याच्यावरची मुदत वाचायची. राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा, हेही ध्यानात ठेवा. केंद्रीय विद्यापीठांत, आपल्या वर्ध्यातलं हिंदी विश्वविद्यालय तसंच आहे, ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या यादीतल्या काही जाती केंद्राच्या यादीत नाहीत, तेही आधी पाहून घ्यावं लागतं. नाहीतर दाखला खरा आणि चालू असूनही नकार येतो, आणि आपल्याला कळतच नाही की चुकलं काय.

दाखल्यासाठी अर्ज केला, की पोच घ्या. लोकसेवा हक्काचा कायदा आपल्या राज्यात २०१५ पासून आहे. दाखला किती दिवसांत मिळणार ते ठरलेलं असतं, आणि त्या मुदतीत तो मिळाला नाही तर त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. खूप प्रवेशांत नवा दाखला हातात नसेल तर अर्जाची पोच जोडून पुढं जाता येतं आणि मूळ दाखला ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावा लागतो. ती तारीख चुकली की पोरगी खुल्या गटात जाते. आमच्या गटातल्या पोरीचं हेच झालं.

आता तो मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अपील म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोर्ट, काळा कोट आणि खर्च येतो. प्रवेशातलं खरं अपील फार आधी होतं. आधी तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. त्या यादीत पोरीचं नाव, मार्क, प्रवर्ग, मुलगी म्हणून नोंद, सगळं बरोबर आहे का ते बघायचं असतं. चूक दिसली तर पोरीच्या लॉगिनमधून हरकत घ्यायची, कागद पुन्हा जोडायचा. हे दोन-चार दिवसच असतात. फुकट असतात. वकील लागत नाही. अंतिम यादी लागल्यावर ज्या गोष्टीसाठी नागपूर गाठावं लागेल, ती या दिवसांत दहा मिनिटांत होते. म्हणून मोबाइल नंबर घरचाच द्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि तात्पुरत्या यादीच्या दिवशी एक निंदणाची पाळी चुकली तरी चालेल, पण यादी बघा.

फीचा नकार हा आणखी एक प्रकार. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि ओबीसी यांतल्या मुलींचं घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण भरतं. आधी निम्मी भरायचं. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर ही सवलत मिळत नाही. बस, जेवण, वसतिगृह हे यात येत नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत. केंद्रीय फेरीतून नंबर लागलेल्या पोरीला कोणी म्हणालं, की सगळी शिक्षण फी आत्ता भर नाहीतर जागा दुसऱ्याला देतो, तर तेही लेखी मागा. ते लेखी देणं सोपं नसतं, तुम्हीच बघाल.

कारण लेखी मागितलं की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खिडकीतला माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याच्यासमोर चारशे अर्ज असतात, संगणक मधेच बंद पडतो, साहेब वरून ओरडतात. त्याच्या दृष्टीनं ‘नाही’ म्हणणं सगळ्यात सोपं. पण “सर, हे लिहून द्या” म्हटलं, की तो नियमाचं पुस्तक उघडतो. कधी कधी पुस्तक उघडल्यावर कळतं, की नियम वेगळाच आहे. आणि नियम खरंच तसा असेल, तर आपल्या हातात कागद येतो. तोंडी नकारावर कुठंच अपील होत नाही. कोणत्याही साहेबाकडे गेलं तरी पहिला प्रश्न असतो, कागद कुठाय?

तो कागद घेऊन जायचं कुणाकडे? इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, कायदा, बी.एड. अशा सीईटीच्या प्रवेशांत तक्रार पोरीच्या लॉगिनमधून आणि राज्य सीईटी कक्षाकडे करायची. अकरावीसाठी लॉगिनमधली तक्रार, आणि जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. हे आपले साधे कॉलेज प्रवेश, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांत होतात. तिथं एक हक्क आहे जो फार थोड्यांना माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२३ साली विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नियम केले. प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. त्या समितीत एक तरी बाई असली पाहिजे आणि मागासवर्गातलं एक तरी माणूस असलं पाहिजे. गुणवत्ता डावलून प्रवेश दिला, नियमात बसत असूनही नाकारला, मूळ कागद अडवून ठेवले, या तक्रारी तिथं करता येतात. अजून प्रवेश न मिळालेली, प्रवेश मागणारी पोरगीही तक्रार करू शकते. समितीनं १५ कामाच्या दिवसांत निकाल द्यायचा. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, आणि लोकपालानं ३० दिवसांत निपटारा करायचा.

माहितीच्या अधिकाराचाही उपयोग होतो. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत. शेवटचा प्रवेश किती मार्कांवर झाला, माझ्या प्रवर्गाच्या किती जागा भरल्या, हे विचारता येतं. पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तोवर फेऱ्या संपतात. म्हणून नुसत्या माहिती अधिकारावर बसून राहू नका. तो बाजूला चालू द्या.

आणि कोर्ट? जावं लागलं तर जावं. उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरकडे एका रोजमजुराचा पोरगा आहे. २०२४ साली त्याला धनबादच्या आयआयटीत जागा लागली. १७,५०० रुपये २४ जूनच्या संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन भरायचे होते. बापानं पैसे गोळा केले, पण शेवटच्या मिनिटांत भरणा झाला नाही आणि जागा गेली. ते बापलेक घरी बसले नाहीत. अनुसूचित जाती आयोगाकडे गेले, विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले, मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात. ३० सप्टेंबरला न्यायालयानं सांगितलं, की अशा हुशार पोराला वाऱ्यावर सोडता येणार नाही, त्याला त्याच वर्षी त्याच वर्गात घ्या. कोणाची जागा न काढता, एक जास्तीची जागा करून.

सगळ्यांचं इतकं लवकर होत नाही. आपल्याच राज्यातल्या एका सीमा सुरक्षा दलाच्या जवानाच्या मुलाचं बघा. बापाची बदली झाल्यामुळे त्याची दहावी दुसऱ्या राज्यात झाली, आणि म्हणून मेडिकलला राज्याच्या कोट्यात तो अपात्र ठरवला गेला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला, पण प्रवेश पुढच्या वर्षीचा मिळाला. भरपाई म्हणून एक लाख रुपयेही मिळाले. लाख रुपयांनी वर्ष परत येत नाही. न्यायालयानं २०१९ सालीच मेडिकलच्या एका खटल्यात सांगून ठेवलंय, की ज्या विद्यार्थ्याची स्वतःची चूक नाही आणि ज्यानं उशीर न करता दाद मागितली, त्यालाच असा आधार मिळतो. उशीर न करता, हे शब्द पक्के लक्षात ठेवा. नकाराच्या दुसऱ्या दिवशी दिलेला अर्ज आणि दोन महिन्यांनी दिलेला अर्ज, यांचं वजन कोर्टात सारखं नसतं.

वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पोरगी असो, माय असो, अर्जदार बाई असली की झालं. वर्ध्याला जिल्हा न्यायालयात हे कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते, आणि उच्च न्यायालयासाठी नागपूरला आहे. फोन करायचा असेल तर १५१००. हा नंबर घ्या लिहून. एक, पाच, एक, शून्य, शून्य.

आता कागद उलटा करा, अर्ज सांगते. हळू सांगते.

वर डावीकडे लिहा, प्रति, माननीय प्राचार्य. खाली कॉलेजचं नाव आणि गाव. उजवीकडे आजची तारीख. मग विषय. विषय असा : प्रवेश नाकारल्याचे कारण लेखी मिळण्याबाबत.

पुढं लिहा. महोदय, मी, इथं पोरीचं पूर्ण नाव, मार्कशीटवर आहे तसंच, अर्ज क्रमांक अमुक. मी दिनांक अमुक रोजी, अमुक वाजता, आपल्या महाविद्यालयात, अमुक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी उपस्थित राहिले. मला तोंडी सांगण्यात आले की, आणि इथं त्यांनी जे शब्द वापरले तेच लिहा, आपले घालू नका, या कारणामुळे प्रवेश देता येत नाही. हे कारण कोणत्या नियमानुसार आहे ते मला लेखी कळवावे. माझ्याकडे पुढील कागदपत्रे आहेत. खाली एकेक कागद, त्याचा नंबर आणि तारीख. प्रवेशाची मुदत दिनांक अमुक रोजी संपत असल्याने त्यापूर्वी उत्तर मिळावे, आणि माझी तक्रार विद्यार्थी तक्रार निवारण समितीपुढे ठेवावी, ही विनंती.

खाली सही पोरीची. अठरा पूर्ण नसतील तर सोबत आईची किंवा बापाची. मोबाइल नंबर, घरचा. दोन प्रती काढा. एक आवक शाखेत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. घेत नाही म्हणाले तर तिथं भांडत बसू नका, पोस्टात जाऊन त्याच दिवशी स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा, आणि कॉलेजच्या ई-मेलवर अर्जाचा फोटोही पाठवा. मेल पाठवलेला तसाच राहू द्या, तोही पुरावाच असतो.

गटात हा अर्ज एका जाड वहीत उतरवून ठेवा, म्हणजे कोणाची पोरगी परत आली की लगेच सापडेल. पुढच्या बैठकीला ज्यांच्या पोरी अकरावी-बारावीत आहेत त्यांनी जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले सोबत आणा, तारखा मिळून बघू. कोतवाल बुकाची नक्कल कोणी काढली असेल तर तीही आणा. बाकीच्यांना दाखवायला बरी.

आता तव्यावरची भाकर बघा, करपली नसेल तर.